शंका-समाधान : सी भाषेतील वाढता ॲरे आणि डिक्शनरी

सी भाषेविषयी या खेपेस आलेली बहुतेक पत्रे एकाच ठिकाणी येऊन अडतात : किती माहिती येणार हे आधी ठाऊक नसेल, तर ती ठेवायची कुठे आणि नंतर शोधायची कशी? पायथन किंवा जावा शिकून सीकडे वळलेल्यांना हा प्रश्न अधिक छळतो, कारण तेथे यादी आणि डिक्शनरी (किल्ली दिली की तिच्याशी जोडलेली माहिती शोधून देणारी रचना) भाषेबरोबरच मिळतात, तर सीमध्ये दोन्ही आपल्या हाताने बांधाव्या लागतात. आलेल्या पत्रांपैकी सहा निवडली आहेत आणि जेथे विषयाला खोली आहे तेथे उत्तर लांबू दिले आहे.

प्रश्न : फाइलमध्ये किती आकडे आहेत हे मला आधी माहीत नसते, म्हणून ॲरे भरला की मी तो रिॲलॉकने दहा घरांनी वाढवते. लहान फाइलवर प्रोग्रॅम ठीक चालतो, पण दहा लाख ओळींच्या फाइलवर रेंगाळतो. आकार दर वेळी दुप्पट करावा असे पुस्तकात वाचले. पण त्यात निम्मी मेमरी वाया जाणार नाही का? (तंत्रनिकेतनातील विद्यार्थिनी, इचलकरंजी)

उत्तर : आधी हिशोब मांडू. रिॲलॉकला, म्हणजे घेतलेल्या मेमरीचा आकार बदलून देणाऱ्या फंक्शनला, शेजारची जागा मोकळी मिळाली नाही, की तो दुसरीकडे मोठी जागा घेतो आणि आधीचे सगळे आकडे तेथे उतरवून काढतो. दहा-दहाने वाढवत दहा लाखांपर्यंत जायचे तर रिॲलॉक जवळपास एक लाख वेळा बोलवावा लागतो, आणि प्रत्येक वेळी जागा बदलली असे धरले, तर १० + २० + ३० असे करत ९,९९,९९० पर्यंतची बेरीज होते. म्हणजे सुमारे ५,००० कोटी आकड्यांची हलवाहलव. तेच १६ घरांपासून सुरुवात करून दर वेळी दुप्पट केले, तर १६ वाढींत १०,४८,५७६ घरे तयार होतात आणि एकूण हलवाहलव १०,४८,५६० आकड्यांची होते. म्हणजे सरासरीने पाहिले तर प्रत्येक आकडा एकदाच्या आसपास हलतो, मग फाइल कितीही मोठी असो. प्रत्यक्षात रिॲलॉकला दर वेळी जागा बदलावी लागत नाही. लिनक्सवरील ग्लिबसी लायब्ररी साधारण १२८ किलोबाइटांहून मोठे तुकडे वेगळ्या पद्धतीने घेते आणि ते वाढवताना आतला मजकूर न उतरवता मेमरीच्या पानांचा नकाशाच बदलते. आपला प्रोग्रॅम ठप्प न होता नुसता रेंगाळतो, त्याचे कारण बहुधा हेच असावे. पण ही त्या लायब्ररीची कृपा आहे, भाषेने दिलेली हमी नव्हे.

वाया जाणाऱ्या मेमरीविषयीची आपली शंका रास्त आहे. दुप्पट केल्यानंतर लगेच माहिती संपली तर जवळजवळ निम्मी घरे रिकामी राहतात. मात्र लिनक्ससारख्या प्रणालीत, मोठ्या तुकड्यातील ज्या पानांना अद्याप हात लागलेला नाही त्यांच्यासाठी खरी मेमरी खर्ची पडत नाही, त्यामुळे हा तोटा कागदावर दिसतो तेवढा बोचत नाही. तरीही काटकसर हवी असेल तर दीडपटीने वाढवावे. सी-प्लस-प्लसच्या व्हेक्टरचा आकार जीसीसी या कंपायलरच्या लायब्ररीत दुपटीने आणि मायक्रोसॉफ्टच्या लायब्ररीत दीडपटीने वाढतो. दीडपटीच्या बाजूने एक सुरेख युक्तिवाद आहे : दुप्पट करत गेल्यास आधी सोडलेल्या सगळ्या तुकड्यांची बेरीज (१ + २ + ४ + ८ = १५) पुढच्या तुकड्यापेक्षा (१६) नेहमीच एकाने कमी पडते, त्यामुळे ती जुनी जागा या ॲरेच्या कामी पुन्हा कधीच येत नाही; गुणक सुवर्ण गुणोत्तरापेक्षा, म्हणजे सुमारे १.६१८ पेक्षा लहान ठेवला तर काही वाढींनंतर ती येऊ शकते. माझ्या मते विद्यार्थिदशेत या वादात फार वेळ घालवू नये. गुणकाने वाढवणे महत्त्वाचे, मग तो गुणक दोन असो वा दीड.

आपण पाठवलेल्या कोडमध्ये याहून गंभीर दोन गोष्टी दिसल्या. पहिली अशी, की रिॲलॉकने दिलेला पत्ता आपण थेट जुन्याच पॉइंटरमध्ये (मेमरीतील पत्ता धरणाऱ्या चलात) ठेवता. मेमरी मिळाली नाही तर रिॲलॉक नल, म्हणजे कोठेही न जाणारा रिकामा पत्ता, परत करतो, पण जुना तुकडा मात्र जसाच्या तसा शाबूत ठेवतो; आपण त्याच चलात नल लिहून त्या तुकड्याकडे जाण्याची एकमेव वाट पुसून टाकता. उत्तर आधी तात्पुरत्या पॉइंटरमध्ये घ्यावे, ते नल नाही याची खात्री करावी आणि मगच मूळ चलात ठेवावे. दुसरी गोष्ट गुणाकाराची. घरांची संख्या गुणिले एका घराचे बाइट हा गुणाकार साइझ-टी या आकार मोजण्याच्या पूर्णांक प्रकारात मावला पाहिजे. ३२ बिटांच्या यंत्रावर चार बाइटांची १,०७,३७,४१,८२५ घरे मागितली तर गुणाकार ४,२९,४९,६७,३०० येतो, तो ३२ बिटांत मावत नाही आणि उरतात फक्त ४ बाइट. मागणी चार बाइटांची असल्यामुळे रिॲलॉक आनंदाने होकार देतो आणि प्रोग्रॅम शंभर कोटी घरे आहेत असे समजून लिहू लागतो. सुरक्षेच्या कित्येक भगदाडांचे मूळ या एका गुणाकारात सापडते. ओपनबीएसडी या कार्यप्रणालीने २०१४ मध्ये रिॲलॉकॲरे नावाचे फंक्शन आणले, जे गुणाकार आधी तपासते. ग्लिबसीमध्ये ते २०१७ पासून आहे. ते उपलब्ध नसेल तर संख्येची तुलना ‘साइझ-टीचे कमाल मूल्य भागिले एका घराचे बाइट’ याच्याशी करून मगच पुढे जावे.

रचना म्हणून तीन गोष्टी एका स्ट्रक्चरमध्ये ठेवाव्यात : माहितीचा पॉइंटर, सध्या भरलेल्या घरांची संख्या आणि एकूण क्षमता. सुरुवातीला पॉइंटर नल व बाकी दोन्ही शून्य असले तरी चालते, कारण नल पॉइंटर दिल्यास रिॲलॉक मॅलॉकसारखाच, म्हणजे नवी मेमरी घेणाऱ्या फंक्शनसारखा, वागतो आणि पहिल्या वेळेसाठी वेगळा कोड लिहावा लागत नाही. ॲरे पुढे आकसवायचा असेल तर तो निम्मा रिकामा होताच आकसवू नये. एक नोंद काढली की आकसणे आणि एक घातली की पुन्हा वाढणे, असा खेळ सुरू होतो. तीन चतुर्थांश रिकामा झाल्यावर निम्मा करावा.

प्रश्न : ग्राहकांच्या नोंदी मी अशाच वाढत्या ॲरेमध्ये ठेवतो आणि पहिल्या नोंदीचा पॉइंटर एका चलात धरून ठेवला आहे. थोड्या नोंदी असेपर्यंत सगळे सुरळीत असते. पुढे कधी नाव बरोबर छापले जाते, कधी कचरा येतो. माझ्या लॅपटॉपवर चालणारा प्रोग्रॅम कार्यालयातील संगणकावर कोसळतो. (नोकरदार, पिंपरी-चिंचवड)

उत्तर : आपल्या चलातील पत्ता शिळा झाला आहे. सतरावी नोंद घालताना क्षमता सोळावरून बत्तीसवर गेली, रिॲलॉकने सगळ्या नोंदी दुसरीकडे नेल्या आणि आधीचा तुकडा मोकळा केला. आपले चल अजून त्या मोकळ्या केलेल्या तुकड्याकडे बोट दाखवते आहे. त्यावर दुसऱ्या कोणी काही लिहिले नसेल तोवर जुने नाव तेथे दिसत राहते, म्हणून लॅपटॉपवर चालल्याचा भास होतो. दुसऱ्या संगणकावर मेमरीची मांडणी वेगळी असते आणि पितळ लवकर उघडे पडते.

उपाय साधा आहे : वाढत्या ॲरेतील घटकाचा पॉइंटर साठवून ठेवू नये, त्याचा क्रमांक साठवावा. ॲरे कुठेही गेला तरी शून्यावी नोंद शून्यावीच राहते. पॉइंटर घ्यायचाच असेल तर तो काही ओळींपुरता घ्यावा आणि मधल्या काळात नवी नोंद घालणारे कोणतेही फंक्शन बोलवू नये. नोंदीचा पत्ता कायम स्थिर राहायलाच हवा असा आग्रह असेल, तर प्रत्येक नोंद स्वतंत्र मॅलॉकने घ्यावी आणि ॲरेमध्ये फक्त त्यांचे पॉइंटर ठेवावेत. मग हलतात ते पॉइंटर, नोंदी नव्हेत. त्याची किंमत म्हणजे प्रत्येक नोंदीमागे एक मॅलॉक व एक फ्री (मेमरी मोकळी करणारे फंक्शन), आणि विखुरलेल्या नोंदी वाचताना प्रोसेसरच्या कॅशचा कमी होणारा लाभ.

आपल्याच कोडमध्ये याच जातीची आणखी एक चूक दबा धरून बसली आहे. ‘नोंद घाला’ या फंक्शनला आपण स्ट्रक्चर मूल्याने देता, त्याचा पत्ता देत नाही. त्यामुळे फंक्शनच्या आत वाढलेली संख्या आणि बदललेला पॉइंटर तेथील नकलेतच राहतात, तर बाहेरच्या स्ट्रक्चरमध्ये मोकळ्या केलेल्या तुकड्याचा पत्ता तसाच उरतो आणि शेवटी तोच पुन्हा फ्रीला दिला जातो. जीसीसी किंवा क्लँगमध्ये ॲड्रेस सॅनिटायझर चालू करून प्रोग्रॅम बांधावा. कोणत्या ओळीने शिळा पत्ता वापरला, तो तुकडा कोठे घेतला होता आणि कोठे मोकळा केला, हे तिन्ही तो सांगतो. प्रोग्रॅम पुन्हा बांधणे शक्य नसेल तर मेमरी तपासणारा व्हॅलग्रिंड आहेच, तो मात्र बराच संथ चालतो.

प्रश्न : सी ९९ पासून ॲरेचा आकार चलाने देता येतो. मग हा सगळा खटाटोप कशासाठी? (प्राध्यापक, अमरावती)

उत्तर : त्या ॲरेचा आकार तो घोषित होतो त्या क्षणी ठरतो आणि पुढे बदलत नाही, म्हणून तो वाढता ॲरे नव्हे. शिवाय कंपायलर तो बहुधा स्टॅकवर ठेवतात. लिनक्सवर मुख्य थ्रेडचा स्टॅक सर्वसाधारणपणे ८ मेगाबाइटांचा असतो आणि तो ओलांडल्यास नल वगैरे काही हाती न येता प्रोग्रॅम सरळ कोसळतो. सी ११ ने ही सोय ऐच्छिक केली. विद्यार्थ्यांना ती दाखवावी, पण फाइलमधून येणाऱ्या अनिश्चित आकाराच्या माहितीसाठी वापरू देऊ नये.

प्रश्न : मराठी लेखांतील प्रत्येक शब्द किती वेळा आला हे मोजणारा प्रोग्रॅम मी सीमध्ये लिहीत आहे. शब्द आणि त्याची संख्या अशा जोड्या ॲरेमध्ये ठेवल्या, तर शेवटी सगळ्या नोंदींत एकच, शेवटचा शब्द दिसतो. ते कसेबसे सुधारले. आता मजकूर वाढला की शोध फार संथ होतो. हॅश टेबल करून पाहिले, त्यासाठी शब्दातील बाइटांची बेरीज घेतली, तरी फारसा फरक पडला नाही. (निवृत्त शिक्षक, नागपूर)

उत्तर : आपला उपक्रम उत्तम आहे आणि सीमध्ये डिक्शनरी शिकण्यासाठी याहून योग्य उदाहरण सुचत नाही.

सगळीकडे शेवटचाच शब्द दिसण्याचे कारण असे, की ओळ वाचण्यासाठी आपण एकच बफर वापरता आणि नोंदीत त्या बफरचा पत्ता ठेवता. सगळ्या नोंदी एकाच जागेकडे बोट दाखवतात आणि त्या जागेत शेवटी जे उरले तेच सर्वांना दिसते. डिक्शनरीने किल्लीची स्वतःची प्रत ठेवलीच पाहिजे. त्यासाठी स्ट्रडप हे फंक्शन आहे; पॉझिक्स या युनिक्स प्रणालींच्या प्रमाणकात ते जुनेच असून सी २३ पासून प्रमाण सीमध्येही आले आहे. पण प्रत्येक शब्दासाठी स्वतंत्र मॅलॉक टाळायचा असेल, तर मी सुचवीन की अक्षरांचा एकच मोठा वाढता ॲरे करावा, त्यात शब्द एकापुढे एक, प्रत्येकाच्या शेवटी शून्य बाइट देऊन, लिहीत जावेत आणि नोंदीत पॉइंटरऐवजी शब्द कितव्या बाइटपासून सुरू होतो तो आकडा ठेवावा. पिंपरीच्या वाचकांना सांगितले तेच येथे लागू पडते : हा अक्षरांचा ॲरे कितीही वेळा जागा बदलो, आकडा शिळा होत नाही.

आता बाइटांच्या बेरजेकडे वळू. हॅश टेबलात शब्दावरून काढलेला आकडाच त्याचे घर ठरवतो. हॅश फंक्शनचे काम शब्दापासून असा आकडा काढणे हे आहे, की जो टेबलाच्या सगळ्या घरांवर सारखा पसरेल. बेरीज हे काम कोणत्याच भाषेत नीट करत नाही, कारण ‘रस’ आणि ‘सर’ यांची बेरीज एकच येते. पण देवनागरीत ती विशेष वाईट ठरते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक संकेत तीन बाइटांचा असतो. पहिला बाइट कायम २२४, दुसरा १६४ किंवा १६५ आणि तिसरा १२८ ते १९१ यांपैकी एक. ‘मराठी’ हा शब्द म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशा पाच संकेतांचा, म्हणजे पंधरा बाइटांचा. पाच संकेतांच्या कोणत्याही शब्दाची बेरीज २,५८० पेक्षा कमी आणि २,९०० पेक्षा अधिक होऊच शकत नाही. आपण टेबलात ६५,५३६ घरे ठेवली, तरी पाच संकेतांचे सगळे मराठी शब्द त्यांपैकी ३२१ घरांतच गर्दी करणार. फरक पडला नाही तो यामुळे.

त्याऐवजी एफएनव्ही-१ए वापरावे. १९९१ च्या सुमारास ग्लेन फाउलर, लँडन कर्ट नोल आणि किएम-फाँग व्हो यांच्या विचारविनिमयातून निघालेली ही पद्धत चार ओळींत लिहिता येते : चिन्हविरहित ३२ बिटांच्या चलात २१६६१३६२६१ हा आकडा घ्यावा, मग शब्दातील प्रत्येक बाइटसाठी त्या चलाची बाइटशी एक्सॉर ही बिटांची क्रिया करावी आणि आलेल्या उत्तराला १६७७७६१९ ने गुणावे. गुणाकार ३२ बिटांबाहेर जातो, पण चिन्हविरहित प्रकारात वरचे बिट गळून जाणे हे भाषेच्या नियमांना धरूनच आहे. एक खबरदारी मात्र मराठीसाठी अत्यावश्यक आहे : बाइट वाचताना तो चिन्हविरहित कॅर म्हणूनच वाचावा. नुसता कॅर इंटेल वा एएमडी प्रोसेसरवरच्या नेहमीच्या कंपायलरांत चिन्हयुक्त असतो, त्यामुळे २२४ चा होतो उणे ३२. रास्पबेरी पायवरच्या लिनक्समध्ये तोच २२४ राहतो. एकच शब्द दोन यंत्रांवर दोन वेगवेगळे हॅश देतो, आणि इंग्रजी शब्दांवर ही चूक कधीच दिसत नाही, कारण त्यांचे बाइट १२८ च्या आतच असतात.

टेबलाची रचना मी अशी करीन. नोंदी, म्हणजे शब्दाचा आरंभ, त्याचा पूर्ण हॅश आणि संख्या, एका वाढत्या ॲरेमध्ये आलेल्या क्रमाने ठेवाव्यात. हॅश टेबलात नोंदी ठेवूच नयेत. तेथे फक्त नोंदीचा क्रमांक ठेवावा आणि रिकाम्या घरात उणे एक. शोधताना हॅशवरून घर काढावे, त्यातील क्रमांकाच्या नोंदीचा हॅश आधी ताडून पाहावा, तो जुळला तरच शब्द अक्षरशः ताडून पाहावा, आणि शब्द तो नसेल तर पुढच्या घराकडे जावे. रिकामे घर लागले की शब्द नाही असे समजावे. घरांची संख्या दोनाच्या घातात ठेवली तर भागाकाराऐवजी बिटांची ॲण्ड क्रिया पुरते. रेमंड हेटिंगर यांनी २०१२ मध्ये पायथनसाठी हीच कल्पना मांडली होती आणि २०१६ च्या पायथन ३.६ पासून तेथील डिक्शनरी अशीच बांधली जाते. घातलेल्या क्रमाने शब्द परत मिळतात ते याच रचनेमुळे.

टेबल किती भरू द्यावे? डोनाल्ड कनूथ यांनी १९६३ मध्ये केलेल्या गणितानुसार पुढच्या-पुढच्या घरात पाहण्याच्या या पद्धतीत टेबल निम्मे भरलेले असताना, नसलेला शब्द ‘नाही’ असे कळायला सरासरी २.५ घरे पाहावी लागतात, पाऊण भरल्यावर ८.५ आणि नव्वद टक्के भरल्यावर ५०.५. आपल्या नोंदी वेगळ्या ॲरेत असल्यामुळे टेबलाचे एक घर केवळ चार बाइटांचे आहे, तेव्हा ते निम्मे भरताच दुप्पट करण्याची चैन खुशाल करावी. दुप्पट करताना रिॲलॉक वापरू नये. घराचा क्रमांक टेबलाच्या आकारावर अवलंबून असतो, म्हणून नवे रिकामे टेबल घेऊन प्रत्येक नोंदीला तिचे नवे घर शोधून द्यावे लागते. नोंदीत पूर्ण हॅश जपून ठेवला आहे तो यासाठीच, शब्द पुन्हा वाचावे लागत नाहीत. शेवटी संख्येनुसार क्रम लावायचा असेल तर नोंदींची प्रत काढून तिच्यावर क्यूसॉर्ट चालवावे. मूळ ॲरेवर चालवल्यास क्रमांक बदलतील आणि टेबल खोटे बोलू लागेल.

इतके करूनही आपल्या मोजणीत एक शब्द दोनदा दिसेल. ‘दुसऱ्या’ हा शब्द काही कळफलकांवरून ऱ आणि हलन्त असा उमटतो, तर काहींवरून साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह असा. डोळ्यांना दोन्ही सारखेच, या भागाचे बाइट मात्र पहिल्यात सहा आणि दुसऱ्यात नऊ. ॲ हे अक्षरही एकसंध असेल तर तीन बाइटांचे, आणि अ वर चंद्र देऊन लिहिले असेल तर सहा बाइटांचे. युनिकोडच्या प्रमाणीकरणाच्या नियमांनी या दोन जोड्या एकरूप होत नाहीत, त्यामुळे तयार लायब्ररीवर विसंबून चालणार नाही. शब्द टेबलाकडे नेण्याआधीच आपल्या कोडने दोन्हींपैकी एक रूप निवडून दुसरे त्यात बदलून घ्यावे.

प्रश्न : दुकानातील मालाची नावे आणि नग अशी डिक्शनरी मी हॅश टेबलाने केली आहे. एखादी वस्तू काढून टाकली, की भलतीच एखादी वस्तू ‘नाही’ असे उत्तर येते, पण छापून पाहिले तर ती टेबलात असते. (वाचक, पणजी)

उत्तर : समजा, आंबा, काजू आणि फणस या तिन्हींचे मूळ घर तीन आहे. आंबा तिनात बसला, काजू चारात सरकला, फणस पाचात. आता काजू काढून चौथे घर रिकामे केले. फणसाचा शोध तिनापासून निघतो, तेथे आंबा भेटतो, चौथे घर रिकामे दिसते आणि शोध तेथेच थांबतो, कारण रिकामे घर म्हणजे साखळीचा शेवट असा आपलाच नियम आहे.

प्रचलित उपाय म्हणजे काढलेल्या घरावर ‘येथे कोणी होते’ अशी खूण ठेवणे. शोध त्या खुणेवरून पुढे जातो आणि नवी नोंद तेथे बसू शकते. येथे दोन ठिकाणी ठेच लागते. खुणेचे घर दिसताच नवी नोंद तेथे घालू नये. तीच किल्ली साखळीत पुढे असू शकते, म्हणून रिकामे घर लागेपर्यंत शोध पूर्ण करावा, मधली पहिली खूण लक्षात ठेवावी आणि किल्ली सापडली नाही तरच त्या खुणेच्या जागी लिहावे. अन्यथा एकाच वस्तूच्या दोन नोंदी होतात आणि एक काढली की दुसरी भुतासारखी वर येते. शिवाय टेबल किती भरले हे मोजताना खुणाही धराव्यात. त्या धरल्या नाहीत तर रोज माल येत-जात राहून एक दिवस टेबलात एकही निखळ रिकामे घर उरत नाही, आणि नसलेल्या वस्तूचा शोध गोल-गोल फिरत राहतो. दुकान तेच, वस्तू तेवढ्याच, आणि प्रोग्रॅम अचानक लटकतो, तेव्हा आधी हेच तपासावे.

मला स्वतःला खुणा आवडत नाहीत. साखळी मागे ओढून घेण्याची रीत अधिक स्वच्छ आहे. रिकाम्या झालेल्या घरापासून पुढे चालत जावे; प्रत्येक नोंदीचे मूळ घर काढावे; ते मूळ घर त्या रिकाम्या घराच्या नंतर आणि नोंदीच्या सध्याच्या घरापर्यंत पडत असेल तर नोंदीला हात लावू नये, नाहीतर ती उचलून रिकाम्या घरात ठेवावी आणि तिचे सोडलेले घर आता रिकामे धरून पुढे चालावे; खरेच रिकामे घर लागले की थांबावे. ‘नंतर’ हा शब्द येथे गोलाकार अर्थाने घ्यायचा आहे, कारण शेवटच्या घरापुढे पहिले घर येते. तुलना करताना हे वळण विसरले की टेबलाच्या टोकाशी असलेल्या नोंदी हरवतात, तेव्हा चाचणी घेताना मुद्दाम आठ घरांचे टेबल घेऊन शेवटच्या दोन घरांभोवतीच्या नोंदी काढून पाहाव्यात. आपल्या उदाहरणात काजू गेल्यावर फणस आपोआप चौथ्या घरात येतो.

प्रश्न : हे सगळे सीच्या प्रमाण लायब्ररीत तयार का मिळत नाही? नोकरीत रोज स्वतःच लिहायचे का? (सॉफ्टवेअर अभियंता, बंगळूर)

उत्तर : प्रमाण सीमध्ये क्यूसॉर्ट आणि बीसर्च आहेत, पण वाढता ॲरे किंवा डिक्शनरी नाही. भाषेत साचे (कोणत्याही प्रकारासाठी एकदाच लिहिता येणारा कोड) नसल्यामुळे कोणत्याही प्रकारच्या घटकासाठी चालेल असा ॲरे करायचा तर एक तर व्हॉइड पॉइंटर वापरून प्रकारतपासणी सोडावी लागते, नाहीतर मॅक्रोंचे जंगल माजवावे लागते, आणि मेमरी कोणी घ्यावी व कोणी मोकळी करावी याबाबत सगळ्यांचे एकमत होईल असे एकच उत्तर मिळत नाही. पॉझिक्समध्ये एचसर्च आहे. पण त्याचे टेबल एका प्रोग्रॅममध्ये एका वेळी एकच, त्याचा आकार आधी सांगावा लागतो आणि नोंद काढण्याची सोयच नाही. ते नसल्यातच जमा धरावे.

नोकरीत स्वतः लिहू नये. जीलिब या लायब्ररीमध्ये वाढते ॲरे व हॅश टेबल दोन्ही आहेत आणि वर्षानुवर्षे घासूनपुसून तयार झालेले आहेत, मात्र मेमरी संपल्यास जीलिबची नेहमीची फंक्शने प्रोग्रॅमच बंद करतात, हे सर्व्हर किंवा उपकरणासाठी लिहिणाऱ्याने ध्यानात घ्यावे. एकाच हेडर फाइलमध्ये काम भागवायचे असेल तर यूटीहॅश किंवा एसटीबी-डीएस पाहावे.

ज्या डिक्शनरीच्या किल्ल्या बाहेरचे लोक पाठवतात, उदाहरणार्थ वेबवरील अर्जातील रकान्यांची नावे, तेथे एफएनव्हीसारखे उघडे हॅश चालत नाही. स्कॉट क्रॉस्बी आणि डॅन वॉलक यांनी २००३ मध्येच दाखवून दिले होते, की सगळ्या किल्ल्या एकाच घरात पडतील अशा मुद्दाम निवडून पाठवल्या तर टेबल साध्या यादीइतके संथ होते आणि सर्व्हर गुडघे टेकतो. डिसेंबर २०११ मध्ये बर्लिनच्या परिषदेत हाच हल्ला पीएचपी, जावा, पायथन अशा अनेक भाषांवर करून दाखवला गेला, आणि २०१२ मध्ये ज्याँ-फिलिप ओमासाँ व डॅनियल बर्नस्टाइन यांनी सिपहॅश हे हॅश फंक्शन प्रसिद्ध केले, ज्यात १२८ बिटांची गुप्त किल्ली मिसळलेली असते. लायब्ररी निवडताना तिचे हॅश फंक्शन बदलता येते का, हे पाहूनच निवड करावी. आणि ती गुप्त किल्ली प्रोग्रॅम सुरू होताना कार्यप्रणालीच्या यादृच्छिक स्रोताकडून घ्यावी, घड्याळातील वेळेवरून नव्हे.